छपराला भोक पाडण्याआधी

गाडीवर रॅक बसवून घ्यायला कुणी आलं, की मी आधी गाडीबद्दल काही विचारत नाही. "राहता कुठे? पार्किंग तळघरात आहे का?" एवढंच विचारतो. गिऱ्हाईक गोंधळतं. मोबाइलमधला फोटो दाखवायला त्याचा हात वर आलेला असतो, तो तसाच राहतो.

हा प्रश्न मला पुनावळ्यातल्या एका पोरानं शिकवला. हिंजवडीला नोकरी, नवीकोरी गाडी, चारी चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी, वरचं छप्पर काढता येणारी. फोटो दाखवून म्हणाला, "काका, मला हाच लूक पाहिजे." मी विचारलं, वर नेणार काय? म्हणाला, दोन सॅक. मी म्हटलं, दोन सॅक मागच्या सीटवर मावतात, राव. त्याला ते पटलं नाही. दुसरीकडून रॅक बसवून घेतला, पुढे चार दिवेही लावले आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या तळघरात शिरताना आग विझवण्यासाठी छताला बसवलेली पाण्याची नळी फोडली. सगळ्या गाड्यांना आंघोळ झाली. आठवड्यानं रॅक काढून घ्यायला तो माझ्याकडेच आला. मी हसलो नाही, निदान त्याच्यासमोर तरी नाही.

मी कांबळे. जन्म चिंचवडचा. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर होते. मी आयटीआयला वेल्डिंग शिकलो आणि चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत सतरा वर्षं काढली. कंपनीनं आमचा विभाग दुसरीकडे हलवला तेव्हा मी गेलो नाही. हायवेजवळ पत्र्याचं शेड घेतलं आणि गाड्यांना रॅक, बंपर, पायऱ्या करून द्यायला लागलो. आता डोळ्यांना वेल्डिंगचा त्रास होतो. शेड मुलगी बघते, ती इंजिनिअर आहे. मी खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना प्रश्न विचारतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या मोटारीचं छप्पर हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. त्यावर बेताचं ओझं चालतं. छप्पर काढता येणाऱ्या गाडीचं तसं नाही. तिथं वर फायबरचं टोपण असतं, नाहीतर कॅनव्हास. आठ-दहा बोल्ट काढले की टोपण उचलून बाजूला. ते ऊन-पाऊस अडवतं, ओझं पेलायला ते केलेलंच नाही. म्हणून अशा गाडीचा रॅक छपरावर बसवायचा नसतो. त्याला स्वतःचे पाय द्यायचे, ते पाय खाली गाडीच्या लोखंडी अंगावर टेकवायचे, आणि रॅक छपराच्या वर दोन बोटं अधांतरी राहिला पाहिजे. छप्पर काढलं तरी तो जागेवर राहतो. दुसरं असं, की उभ्या गाडीवर जे वजन निमूट बसतं, तेच वजन खड्ड्यात चाक गेलं की दुप्पट-तिप्पट होऊन आदळतं. जितकं ओझं उंच, तितकी गाडी कलंडायला सोपी. आरटीओचा नियम काय सांगतो ते आधी विचारून यायचं, हेही मी प्रत्येकाला सांगतो. बाकी पाइप कुठल्या जाडीचा, वाऱ्याची शीळ घुमू नये म्हणून पुढे पट्टी कशी लावायची, ही सगळी नंतरची कारागिरी.

हे सगळं मी आज धडाधड सांगतो. पण एकदा मी ते सांगितलं नव्हतं. हा लेख त्याबद्दल आहे.

शेड टाकून चार महिने झाले होते. काम तुरळक. त्या दिवसांत महाळुंग्याचे अण्णा माझे आधार होते. गावातलं जुनं घर, बरीचशी जमीन कारखान्यांत गेलेली, डोंगराच्या अंगाला थोडी राहिलेली. कंपनीत असताना मी त्यांच्या चाळीत भाड्यानं राहिलो होतो, तेव्हापासूनची ओळख. मला पहिली पाच-सहा गिऱ्हाइकं मिळाली ती अण्णांच्या शब्दावर. "आमचा कांबळे हाय, हात चांगला हाय त्याचा," असं ते चारचौघांत सांगायचे.

डोंगराकडच्या वाटेसाठी अण्णांनी अशीच फायबरच्या छपराची गाडी घेतली होती. एके दुपारी ती शेडसमोर लावली आणि म्हणाले, "कांबळे, वर कॅरियर टाक. उद्या कुंपणाचं सामान न्यायचंय वर. अँगल हायेत, तारंची भेंडोळी हायेत. आज झालं पायजे."

एका दिवसात पाय असलेला रॅक होत नाही. मापं घ्यावी लागतात, पायांचे ब्रॅकेट वाकवावे लागतात, गाडीच्या अंगात पक्की जागा शोधावी लागते. एका दिवसात होण्यासारखं एकच होतं. छपराला भोकं पाडायची, आतून-बाहेरून मोठे वॉशर टाकून तयार रॅक आवळायचा. सतरा वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला ते चूक आहे हे कळायला वेळ लागत नाही.

मी म्हणालो, "अण्णा..."

त्यांनी उजवा हात वर केला. "टाक रं तू. लांब न्हाई जायचं. हितल्या हितं."

आणि मी गप्प बसलो. मी भोकं पाडली. आठ. वॉशर मोठे वापरले, भोकांभोवती पाणी जाऊ नये म्हणून सिलिकॉन भरलं, रॅक हलवून बघितला. काम दिसायला फार देखणं झालं होतं. अण्णा खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी चढावर सामान मागे सरकलं. गाडी खाली-वर होत होती, प्रत्येक हिसक्याला बोल्ट फायबर कातरत होते. वर करकर ऐकू आली म्हणून अण्णांनी गाडी थांबवली आणि दोर आवळायला खाली उतरले. ते बाजूला उभे असतानाच भोकांच्या रेषेवर छप्पर फाटलं. रॅक, अँगल, अर्धं छप्पर असं सगळं एकदम त्यांच्या उजव्या खांद्यावर आलं.

चाकणच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन दुसरा दिवस होता. खांद्यात धातूची पट्टी टाकली होती. हात पूर्वीसारखा वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खोलीत नातेवाईक भरले होते. अण्णांचा भाचा दाराशीच उभा होता. मला बघितल्यावर त्याचा चेहरा बदलला. माझ्या हातात मोसंबीची पिशवी. मी काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आलो होतो.

मी तोंड उघडायच्या आतच अण्णा भाच्याकडे बघून म्हणाले, "ह्यानं सांगितलं व्हतं मला. छपरावर नगं, म्हणला व्हता. म्याच ऐकलं न्हाई."

भाचा सैल पडला. मला बसायला स्टूल दिलं. कुणीतरी चहा आणला. मी तो चहा प्यालो.

अण्णांना गुंगीत तसं वाटत असेल, असा मी अर्थ लावला. माझ्या "अण्णा" या एका शब्दापुढचं वाक्य त्यांनी मनात पुरं केलं असेल, त्यांना ते ऐकल्यासारखं आठवत असेल. आपण आता खुलासा केला तर आजारी माणसाला त्रास. बरे झाले की सांगू. असं स्वतःला समजावत मी घरी आलो. बायकोनं विचारलं, "तुम्ही खरंच सांगितलं होतं ना त्यांना?" मी "हो" म्हणालो. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तिनं पुढं काही विचारलं नाही, पण त्या दिवशी ती माझ्याशी फारशी बोललीही नाही.

पुढं जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. ही हकिगत महाळुंग्यातून पसरली. चाकण, खालुंब्रे, पार तळवड्यापर्यंत. कांबळेनं अण्णांसारख्या माणसालाही बजावलं होतं, अण्णांनी ऐकलं नाही म्हणून हात गेला. लोक माझ्याकडे विश्वासानं यायला लागले. मी "छपराला भोक पाडणार नाही" म्हटलं की मान डोलवायचे. म्हणायचे, "हो, तुम्ही अण्णांनाही सांगितलं होतं." त्या दिवसानंतर मी खरोखरच एकाही छपराला भोक पाडलं नाही. पण माझं नाव झालं ते मी न बोललेल्या वाक्यावर.

अण्णांकडे मी वर्षातून तीन-चारदा जायचो. जाताना मोसंबी घेऊन. ते ओसरीवर बसलेले असायचे, डाव्या हातानं चहाचा कप धरून. उजवा हात खांद्याच्या वर जायचा नाही. सदरा घालायला त्यांना मदत लागायची. दर वेळी मी सांगायचं ठरवून जायचो आणि पावसापाण्याचं बोलून परत यायचो. अशी नऊ वर्षं गेली.

गेल्या वर्षी चिंचवडहून एक जोडपं आलं. शैलजाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, गाडी त्याच चालवत होत्या. शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान. एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचं काम करायचे, सगळे त्यांना सर म्हणत. दोन वर्षांपूर्वी मणक्याचं दुखणं झालं आणि पाय गेले. गाडी त्याआधीची, कॅनव्हासच्या छपराची. सरांनी निवृत्तीनंतर डोंगर फिरायला हौसेनं घेतलेली. मुलगा म्हणत होता विकून टाका. ताईंनी साठीला टेकल्यावर तिच्यावर हात बसवला.

"चाकाची खुर्ची ठेवायला वर रॅक पाहिजे," ताई म्हणाल्या. "आत ठेवली तर सामानाला जागा उरत नाही. यांना मी फळीवरून सरकवून सीटवर घेते, ते जमतं. खुर्ची तेवढी वर टाकली की झालं."

"खुर्ची कोण टाकणार वर?"

"मीच."

मी खुर्ची हातात घेऊन बघितली. अठरा किलोच्या आसपास. म्हटलं, "ताई, एकदा डोक्याच्या वर उचलून दाखवता?" त्यांनी पदर खोचला आणि उचलली. छातीपर्यंत आली. तिथून पुढे हात थरथरायला लागले. मी पटकन धरली. त्या ओशाळल्या. सर गाडीतून बघत होते, त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"सवय होईल मला," ताई म्हणाल्या.

मी काही बोलणार तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकू. म्हणूनच तुमच्याकडे आलोय. माझ्या शाळेतल्या शिपाईमामांचं घर महाळुंग्याला आहे. त्यांनी सांगितलं, तिथल्या एका मोठ्या माणसाला तुम्ही बजावलं होतं, त्यानं ऐकलं नाही आणि हात गमावला."

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकत होतो. एरवी गप्प बसायचो. त्या दिवशी समोर ही बाई उभी होती, तिच्या दंडाची थरथर अजून थांबली नव्हती, आणि माझ्या एका शब्दावर ती आपल्या नवऱ्याला घेऊन डोंगरात जाणार होती.

मी म्हणालो, "ताई, मी त्यांना बजावलं नव्हतं. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. त्यांची मर्जी सांभाळली. भोकं माझ्याच हातानं पाडली."

मुलगी ग्राइंडर बंद करून माझ्याकडे बघत होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

गाडीतून सर म्हणाले, "मग आता आम्हाला सांगा. आमचं काय चुकतंय?"

मी सांगितलं. खुर्ची वर नको. आज हात थरथरतात, दमल्यावर खुर्ची सुटेल, आणि सुटली तर खाली त्या स्वतः किंवा सर असतील. खुर्चीची जागा मागे, गुडघ्याच्या उंचीवर. गाडीच्या चासीला धरून एक दुमडणारी पाटी करू, तिला जमिनीला टेकणारा उतरता पत्रा लावू, खुर्ची त्यावरून ढकलत चढवायची, पट्टा आवळायचा. उचलायचं काहीच नाही.

"म्हणजे वर रॅक नकोच?" ताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती. रॅक म्हणजे पूर्वीसारखं फिरणं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

मी सरांच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो. कॅनव्हास गुंडाळून मागे केला आणि आम्ही दोघांनी वर बघितलं. म्हटलं, "सर, इथं रॅक टाकला तर तुम्हाला आभाळ जाळीतून दिसेल."

सरांनी मान मागे टेकवली. मग म्हणाले, "खरं सांगू? मला सामानाची फिकीर नाही. दोन वर्षं मी छतच बघतोय. घरातलं, दवाखान्यातलं."

शेवटी आम्ही वर फक्त दोन आडव्या दांड्या केल्या. पाय खाली लोखंडी अंगावर, दांड्या हातानं फिरवून काढता येणाऱ्या. ऊन लागलं तर त्यांच्यावर कापड ताणायचं, नाहीतर काढून ठेवायच्या. सरांनी त्याचं ड्रॉइंग स्वतः काढलं, मांडीवर पाट घेऊन. रेषा अजून सुईसारखी होती. माझ्या मापातली तीन मिलिमीटरची चूकही त्यांनी दाखवली. मागची पाटी मुलीनं केली. पहिल्या दिवशी ताईंनी खुर्ची चार वेळा चढवली, चार वेळा उतरवली, आणि पाचव्यांदा आम्हाला कुणालाच हात लावू दिला नाही.

ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, अण्णांना माहितीये का हे?"

"नाही."

"मग आज जाऊन या."

मी तसाच निघालो. वाटेत कुठे थांबलो नाही. अण्णा ओसरीवरच होते. मी चप्पल काढली आणि बसायच्या आधीच बोललो, कारण बसलो असतो तर पुन्हा पावसापाण्यावर गेलो असतो. म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला कळत होतं छप्पर टिकणार नाही. मी गप्प बसलो. तुमचा हात माझ्यामुळं गेला."

अण्णांनी कप खाली ठेवला. "बस."

मी बसलो.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "म्या काय बहिरा हाय व्हय? तू 'अण्णा' म्हणलास, म्या हात केला, तू गप झालास. समदं ध्यानात हाय."

मी विचारलं, "मग दवाखान्यात तुम्ही तसं का म्हणालात?"

"भाचा पेटला व्हता. आदल्या दिवशीच निघाला व्हता तुझं शेड फोडाया. चार म्हयन्याचं शेड तुझं. फोडलं असतं म्हंजे तू परत उभा ऱ्हायला असतास का?" मग म्हणाले, "आन चूक काय तुझ्या एकट्याची न्हाई. बोलणाऱ्याला गप करायला हात म्याच वर केला व्हता. त्योच मोडला."

हे सांगताना ते हसले. मला हसता आलं नाही. नऊ वर्षं मी त्यांना अजाण समजत होतो, आणि ते माझी लाज राखत होते. मी येऊन बसायचो, गप्पा मारून जायचो, ते सगळं ओळखून ऐकून घ्यायचे.

"मला एकदा तरी बोलायचं होतंत, अण्णा."

"तू इचारलंस कवा? म्या वाट बगत व्हतो. आज येईल, उद्या येईल." मग आवाज खाली करून म्हणाले, "राग आला न्हाई असं न्हाई. सदरा घालताना यायचा. पार पयल्या वर्षी तर लई यायचा. मग तू यायचास, तोंड उतरलेलं. म्हणायचो, जाऊ दे, ह्यो बी भोगतोच हाय. पर येक सांगतो, आता मोसंबी आणू नगंस. घरात कुणी खात न्हाई. नऊ वर्षं शेजारी वाटतोय."

समोरच्या रस्त्यावरून कारखान्यांच्या बस जात होत्या, दुसरी शिफ्ट सुरू व्हायची वेळ. उठताना मी विचारलं, "भाच्याला खरं काय ते सांगू का? आणि बाकीच्यांना?"

"सांग की. आता कोण शेड फोडत न्हाई." मग त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "पर लोकांनी इचारलं तर म्या काय सांगायचं ते माजं मी ठरवीन."

भाच्याला मी आठवड्याभरात भेटून सांगितलं. तो ऐकून उठला आणि निघून गेला. अजून तो माझ्याशी बोलत नाही. ते बरोबरच आहे.

बायकोलाही सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

शैलजाताई आणि सर पावसाळा सोडून महिन्यातून एकदा कुठंतरी जातात. फार लांब नाही, मावळात, धरणांच्या कडेनं. कधी कधी फोटो पाठवतात. फोटोत बहुतेक वेळा सर दिसत नाहीत, कारण फोटो त्यांनीच काढलेला असतो, खालून वर. नुसतं आभाळ.

महाळुंग्याकडून गिऱ्हाइकं अजूनही येतात. पूर्वीची गोष्ट आता कुणी सांगत नाही. परवा एक जण आला, ट्रॉलीचा धंदा असलेला, दांडगा, घाईत. गाडी फायबरच्या छपराची. मी विचारलं, कुणी पाठवलं? म्हणाला, "अण्णांनी. म्हणाले, कांबळे सांगंल तसं कर." मग जरा घुटमळला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "आन म्हणाले, तो बोलत असला की मधी हात वर करायचा न्हाई."